डफाचे कडे वाफेवर वाकवताना: म्हसरूळच्या एका शेडमधले अडीच महिने

पार्श्वभूमी

नाशिकच्या दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडे आत, पत्र्याच्या शेडमध्ये एका मिस्त्रींचे सुतारकाम चालते. पाळणे, देव्हारे, दाराच्या चौकटी आणि अधूनमधून जुन्या वाड्यांतल्या खांब-तुळयांची दुरुस्ती, असे कामाचे स्वरूप. मिस्त्रींचे वय चौपन्न. हाताखाली त्यांचा भाचा असतो. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे, दिवसा तो अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि संध्याकाळी व रविवारी शेडवर येतो. मी निवृत्त सुतारकाम शिक्षक, मिस्त्रींचा जुना स्नेही. या प्रकरणात मी आधी बाहेरून सल्ला देणारा होतो, पुढे वही सांभाळणारा झालो. सगळ्यांच्या संमतीने हे लिहितो आहे, नावे मात्र वगळली आहेत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पंचवटीतल्या एका शाळेत शिकवणारे आणि मुलांचे शाहिरी पथक चालवणारे एक शिक्षक शेडवर आले. सगळे त्यांना शाहीरच म्हणतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मुलांच्या हाती पंधरा नवे डफ द्यायचे त्यांच्या मनात होते. चामडे मढवणारा कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. अडले होते ते कड्यांपाशी.

अडचण

डफाचे कडे साधे दिसते, पण त्याला बरेच सोसावे लागते. ओले चामडे त्यावर ताणून बसवतात. ते वाळताना आक्रसते आणि कड्याला सगळीकडून आत ओढत राहते. वाजवण्यापूर्वी डफ शेकावा लागतो. कडे जाळापाशी तापते, मग थंड होते, पुन्हा तापते. पावसाळ्यात चामडे सैल पडते म्हणून शेकणेही वाढते.

पथकाकडची जुनी कडी तुकडे जोडून केलेली होती. बैलगाडीच्या चाकाचा परिघ करतात तसे, फळीतून कमानीसारखे तुकडे कापून एकमेकांना सांधलेले. चाकाला बाहेरून लोखंडी धाव असते, ती सगळे तुकडे आवळून धरते. डफाला तसे काही नसते. शिवाय फळीतून गोलाई कापली की लाकडाच्या रेषा जागोजागी तुटतात आणि तुटलेल्या रेषेवर लाकूड कमजोर असते. जुन्या अकरा कड्यांपैकी सात सांध्यांशी उघडली होती. जाड केली तर सातवी-आठवीच्या मुलांच्या हाताला ती पेलवत नव्हती. शाहिरांनी दोन अटी घातल्या. कडे हलके हवे आणि शेकताना उघडता कामा नये.

मिस्त्रींनी तरुणपणी मेन रोडवरच्या एका जुन्या हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या दुरुस्त केल्या होत्या. त्यांची पाठ एकाच लाकडाची, वेतासारखी वळलेली असायची. त्यांनी जे पाहिले होते ते त्यांच्याच शब्दांत: “रेषा एका पायापासून निघते, डोक्यावरून जाते आणि दुसऱ्या पायात उतरते. कुठंही तुटत नाही.” कडे असे एकसंध रेषेचे व्हावे, हा विचार त्या खुर्चीतून आला.

कोणते पर्याय होते

जाड ओंडका आतून कोरून कडे काढता येते. लाकूड प्रचंड वाया जाते आणि असे कडे वाळताना उभे चिरते. लोखंडी कडे टिकाऊ असते, हलगीला ते वापरतातही, पण शाहिरांना डफाचा लाकडी नाद हवा होता. पातळ पट्ट्यांचे थर एकावर एक चिकटवून गोल करण्याचा मार्ग सगळ्यांत सोपा दिसत होता. मिस्त्रींनी तो लगेच बाजूला ठेवला, कारण शेकताना गोंद मऊ पडेल अशी त्यांना भीती होती. ही भीती खरी होती. मात्र तिचे जे व्हायला हवे होते ते आम्ही केले नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

उरला वाफेचा मार्ग. बांबू जाळावर धरून वाकवताना बुरुडांना मिस्त्रींनी पाहिले होते. लाकडाचे तत्त्व तेच आहे. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते ओलावा आणि उष्णता मिळाली की मऊ होते आणि थंड झाले की पुन्हा घट्ट होते. मऊ असेपर्यंत जो आकार द्याल तो बराचसा टिकतो. हा मार्ग निवडताना आमच्यापैकी एकानेही आयुष्यात एकही पट्टी वाकवलेली नव्हती. तेव्हा आधी एक महिना चाचण्यांसाठी मागून घ्यायला हवा होता. मिस्त्री “जमेल” म्हणाले आणि आगाऊ रक्कम घेतली.

पहिली फेरी: सागवान

शेडमध्ये चांगले मुरलेले सागवान होते, म्हणून सागवानच घेतले. लाकूड निवडण्याचा विचार एवढाच झाला. सागवान चौकटीला उत्तम आहे, वाकवायला मात्र ते फारसे साथ देत नाही. आणि हे तर कित्येक वर्षे शेडच्या माळ्यावर पडून कोरडे झालेले होते.

चार फूट लांब, अडीच इंच रुंद आणि तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड अशा पट्ट्या काढल्या. कड्याचा आतला व्यास तेरा इंच ठरला होता. वाफेसाठी भाच्याने दहा लिटरचा जुना कुकर आणला, शिट्टीच्या जागी जाड रबरी नळी बसवली आणि ती शेतात वापरतात त्या सहा इंची पीव्हीसी पाइपात सोडली. पाइप दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुतारी तिवयांवर, आडवा ठेवला होता. वीस मिनिटांत तो मधोमध झोळीसारखा लोंबला. पीव्हीसी उकळत्या पाण्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मरीन प्लायची पाच फुटी पेटी ठोकली. तिला दोन्ही बाजूंना झाकण आणि खाली पाणी ओघळायला भोक ठेवले. हे भोक कधीही बुजू द्यायचे नाही. वाफेला बाहेर पडायला वाट राहिली नाही तर कुकर आणि पेटी दोन्ही धोक्याची. कुकरची सुरक्षा झडप चालू आहे की नाही हेही रोज पाहायचे. या दोन गोष्टींत भाच्याने पहिल्या दिवसापासून हलगर्जी केली नाही, हे नोंदवायला हवे.

पहिली पट्टी अर्धा तास वाफवली. फर्म्यावर, म्हणजे पट्टी ज्याभोवती वाकवतात त्या गोल साच्यावर, पाव गोल झाली आणि तुटली. दुसरी पाऊण तास, तीही तुटली. तिसरी एक तास. मिस्त्रींनी मला फोन केला. मी सांगितले, “वाफ कमी पडतेय, अजून ठेवा.” त्यावरून चार पट्ट्या दोन-दोन तास ठेवल्या. त्या थोड्या जास्त वाकल्या, पण आतल्या बाजूला सुरकुत्या पडून चेंगरल्या. जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास वाफ, असा या कामाचा रूढ हिशोब आहे. तीन सुतांच्या पट्टीला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. त्याहून फार जास्त ठेवले तर तंतूच खिळखिळे होतात. मला हा हिशोब माहीत नव्हता, तरीही मी ठामपणे सल्ला दिला. माझ्या त्या एका वाक्याने सागवान आणि दोन रविवार वाया गेले.

अकरा पट्ट्या गेल्या तेव्हा फेब्रुवारी संपला होता.

दुसरी फेरी: विकतचे अ‍ॅश

भाच्याने वाचले की वाकवायला अ‍ॅश, ओक, बीच ही लाकडे उत्तम. त्याने वखारीतून आयात केलेल्या अ‍ॅशची फळी आणली. सागवानाच्या तोडीची किंमत मोजली. लाकूड सुंदर होते, रेषा सरळ होती. फक्त ते भट्टीत वाळवलेले होते. ओलाव्याचे मीटर लावले तर ८ टक्के दाखवत होते. वाकवायच्या लाकडात २० ते २५ टक्के ओलावा असला तर ते उत्तम वागते.

“मामा, भिजवून घेऊ,” भाचा म्हणाला. पट्ट्या चार दिवस सिमेंटच्या टाकीत बुडवून ठेवल्या. वरून त्या चिंब झाल्या. पण पाणी पृष्ठभागात शिरते तितक्या सहज गाभ्यात जात नाही, आणि भट्टीतून निघालेल्या लाकडाची वाकण्याची तयारी नुसत्या भिजवण्याने परत येत नाही. सहा पट्ट्या केल्या, सहाही तुटल्या. चौथी तुटताना तिची ढलपी उडून भाच्याच्या दंडाला लागली. त्यानंतर वाकवताना जाड कापडाचे शर्ट, हातमोजे आणि चष्मा सक्तीचे झाले. ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

निर्णयाची पहिली जागा: थांबणे

मार्चच्या मध्यावर मिस्त्रींनी शाहिरांना नाही सांगायचे ठरवले होते. आगाऊ रक्कम परत करायला त्यांनी पाकिटात घालून ठेवली होती. त्या संध्याकाळी मी शेडवर गेलो. मिस्त्री तुटलेल्या पट्ट्या बंबात घालायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. या प्रकरणात माझ्या हातून झालेले खरे उपयोगाचे काम एवढेच.

सतरा पट्ट्या आम्ही जमिनीवर ओळीने मांडल्या. वर बल्ब खाली ओढला आणि प्रत्येक पट्टी कुठे आणि कशी तुटली ते पाहत बसलो. दहा पट्ट्यांमध्ये तड बाहेरच्या बाजूने सुरू झाली होती. त्या दहाही ठिकाणी लाकडाची रेषा तिरपी होऊन पट्टीच्या कडेबाहेर पडलेली होती. करवतीने सरळ कापलेल्या पट्टीत आतली रेषा सरळ असतेच असे नाही, आणि जिथे रेषा बाहेर पडते तिथून ढलपी सुटते. दोन तास वाफवलेल्या चार पट्ट्या आतून चेंगरून मोडल्या होत्या. एक गाठीवर तुटली होती. दोन एकाच टोकाशी तुटल्या होत्या, आणि ते टोक दोन्ही वेळा पेटीच्या लांबच्या बाजूचे होते. पट्ट्यांवर पेन्सिलीने बाण काढायची मिस्त्रींची जुनी सवय, म्हणून हे कळले.

भाच्याने पेटीच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर घातला. नळीजवळ ९७, लांबच्या टोकाला ८१. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. तो फरक किरकोळ. पण ८१ हा फरक मोठा होता. पेटीला भोवती गोणपाट आणि जुनी गोधडी गुंडाळली, नळी मधोमध आणली. लांबचे टोक ९४ पर्यंत चढले.

आम्ही महिनाभर “वाफ कमी पडतेय” या एकाच समजुतीला धरून होतो. जमिनीवरच्या सतरा पट्ट्यांत चार वेगवेगळी कारणे दिसत होती. त्यातले वाफेचे कारण दोनच पट्ट्यांपुरते होते.

त्या रात्री मी वही घातली. प्रत्येक पट्टीला क्रमांक, लाकूड, जाडी, ओलावा, वाफेचा वेळ, पेटीबाहेर काढल्यापासून फर्म्यावर बसेपर्यंतचे सेकंद आणि काय झाले. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी आम्ही लाकूड, वेळ आणि फर्मा तिन्ही एकदम बदलत होतो, म्हणून सतरा पट्ट्या तुटूनही काही शिकलो नव्हतो.

तिसरी फेरी: तुती

पुढच्या आठवड्यात दिंडोरी तालुक्यात अवकाळी पाऊस आणि वारा झाला. द्राक्षबागांचे नुकसान झाले, त्या दिवसांत कुणाच्या शेतावर लाकूड मागायला जाणे जिवावर येत होते. मिस्त्रींच्या व्याह्यांच्या बांधावर तुतीचे एक झाड मुळासकट आडवे झाले होते. त्यांनीच निरोप पाठवला की सरपणाला नेणार असाल तर न्या.

तुती वाकवायला चांगली असते. लाकडी हॉकी स्टिकसाठी आपल्याकडे तुती वापरत आले आहेत. आणि हे लाकूड ओले होते. मिस्त्रींनी बुंध्याचा साडेतीन फुटांचा सरळ तुकडा घेतला. तो करवतीवर न चढवता पाचरी ठोकून फाडला. फाडलेले लाकूड स्वतःच्या रेषेने फाटते, मग पट्टी कुठे वाकडी निघाली तरी रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. मग रंध्याने तीन सूत आणि दोन सूत अशा दोन जाडीच्या पट्ट्या केल्या. गाठ दिसली की ती पट्टी बाजूला. सावलीत आठवडाभर ठेवल्यावर मीटर २४-२५ दाखवू लागले.

फर्मा पेटीच्या अगदी शेजारी आणला. आधी तो शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. वहीत पाहिले तर पट्टी काढण्यापासून बसवण्यापर्यंत चाळीस सेकंद जात होते. इतक्या पातळ पट्टीला ते फार झाले. आता बारा सेकंद लागू लागले. प्रत्येक वेळी थंड पट्टी हातात घेऊन एकदा रंगीत तालीम करायची, कोण कुठे उभा, पाचर कोण मारणार, आणि मगच पेटी उघडायची.

दोन सुतांच्या पाच पट्ट्या वाकवल्या. तीन पूर्ण गोल झाल्या. पहिली बसली तेव्हा बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मिस्त्री फर्म्याभोवती बोट फिरवत राहिले.

निर्णयाची दुसरी जागा: दोन सूत की तीन

इथे थांबून दोन सुतांची कडी करत सुटलो असतो तर बहुतेक वेळेत पंधरा झाली असती. भाच्याने कागदावर मांडलेला हिशोब असा. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. तेरा इंची कड्याला तीन सुतांच्या पट्टीची बाहेरची बाजू जवळजवळ पावणेतीन टक्के ताणावी लागते, दोन सुतांची दोन टक्क्यांच्या आत. वाफवलेले चांगले लाकूडही दीड-दोन टक्क्यांपलीकडे ताणत नाही. म्हणून तीन सुतांची पट्टी तुटणारच, आणि दोन सुतांची पाचातली तीन टिकते. पण तेच मऊ लाकूड दाबले तर २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दबते. म्हणजे बाहेरच्या बाजूला ताणूच दिले नाही आणि सगळे काम आतल्या बाजूला दबण्याने करवून घेतले, तर तीन सूत सहज वाकते.

हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने व्हिएन्नात बीचच्या लाकडावर पक्की केली. लाकडाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी, दोन्ही टोकांना घट्ट ठोकळे, आणि मग वाकवायचे. १८५९ ची त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. मिस्त्रींनी मेन रोडवर दुरुस्त केलेल्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवले तेव्हा मिस्त्रींनी ती ओळखली.

मग दोन की तीन? कड्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तीन सुतांचे कडे दोन सुतांच्या मानाने तिपटीहून जास्त ताठ. चामड्याची ओढ लक्षात घेता मिस्त्रींनी तीन सूत निवडले. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागली.

एक अडचण लगेच उभी राहिली. टोकांना ठोकळे असले की पट्टी पूर्ण गोल करता येत नाही, ठोकळे एकमेकांवर येतात. मिस्त्रींनी कडे दोन अर्ध्या कमानींचे करायचे ठरवले. प्रत्येक कमान अर्ध्या गोलापेक्षा थोडी जास्त, टोके तासून एकमेकांवर चढवलेली. म्हणजे दोन सांधे आले, पण प्रत्येक सांधा चार इंच लांब आणि दोन्ही बाजूंना रेषा अखंड.

पहिली धातूची पट्टी साध्या लोखंडाची घेतली. ओल्या गरम लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली आणि लाकडावर शाईसारखे काळे डाग उमटले. शिवाय एका टोकाचा ठोकळा सरकला, त्यामुळे बाहेरची बाजू ताणली गेली आणि पट्टी तुटली. भाच्याने मग स्टेनलेसची, एक मिलिमीटर जाडीची पट्टी आणली आणि ठोकळे बोल्टने कसले. त्यानंतर लागोपाठ सहा कमानी वाकल्या, एकही तुटली नाही. फर्म्यावरून काढल्यावर कमान थोडी उघडते, म्हणून फर्मा साडेबारा इंचांचा केला.

निर्णयाची तिसरी जागा: अर्धे वाळलेले कडे

घाईत आम्ही पहिली दोन कडी चौथ्या दिवशीच मढवायला पाठवली. कारागीर म्हणाला, “लाकूड थंड लागतंय हाताला.” त्याला ओलसर म्हणायचे होते. आम्ही ऐकले नाही. दोन दिवसांत चामडे आक्रसले आणि दोन्ही कडी लांबट झाली. एका बाजूला तेरा इंच, दुसऱ्या बाजूला बारा. गाभ्यात ओल असलेले कडे ओढीखाली नमते, हे आम्हाला वहीतून आधीच दिसायला हवे होते. वाकवल्यावर किती दिवसांनी ओलावा किती, हा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता.

मग नियम केला: तीन दिवस फर्म्यावर, पुढे सात दिवस दोरीने आवळून सावलीत, आणि मीटर दहाच्या खाली आल्याशिवाय मढवायचे नाही. एप्रिलची कोरडी हवा इथे कामी आली. पण फर्मे चारच होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून दर तीन दिवसांना चार कमानी, म्हणजे वाळवण्याचा वेळ धरून १ मे पूर्वी वीस कमानी. त्यातल्या दोन सांध्याला नीट बसेनात. अठरा उरल्या, म्हणजे नऊ कडी.

मिस्त्रींसमोर दोन वाटा होत्या. उरलेली सहा कडी ओलसर असतानाच देऊन पंधराचा शब्द पाळायचा, किंवा नऊ द्यायची. ते २० एप्रिलला स्वतः शाहिरांच्या घरी गेले. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, असे त्यांचे म्हणणे. शाहीर काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मिस्त्री, हे तुम्ही महिन्याभरापूर्वी सांगायला हवं होतं. पण आता खरं सांगताय ते बरं आहे. मुलं आळीपाळीनं वाजवतील.”

परिणाम

१ मे रोजी नऊ नवे डफ वाजले. मी समोर बसलो होतो. कडे हलके असल्याने मुलांचे मनगट मोकळे होते, थाप आणि बोटे दोन्ही नीट ऐकू येत होती. उरलेली सहा कडी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत पोहोचली. एकूण हिशोबात मिस्त्रींना या कामात पैसे सुटले नाहीत. सागवान, अ‍ॅश आणि भाच्याच्या संध्याकाळी धरल्या तर तोटाच झाला.

जुलैत एक फोन आला. दोन डफांचे सांधे शेकताना उघडले होते. सांधा पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवून दोन बारीक स्क्रू मारले होते. पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. ज्या भीतीने थर चिकटवण्याचा पर्याय फेब्रुवारीत सोडला होता, तीच गोष्ट सांध्यात आम्ही स्वतः करून बसलो होतो. वर पावसाळी दमट हवेत वाफेवर वाकवलेले लाकूड पुन्हा थोडे सरळ व्हायला बघते, तो ताण सांध्यावरच येतो. मिस्त्रींनी पंधराही कडी परत मागवली आणि प्रत्येक सांध्याला आरपार चार तांब्याचे रिव्हेट ठोकून दिले. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर पावसाळाभर एकही सांधा उघडला नाही. ज्या सांध्यात गोंद सैल झाला होता तोही रिव्हेटने धरून ठेवला.

काय वेगळे करता आले असते

लाकूड निवडण्याचा प्रश्न आम्ही सगळ्यांत शेवटी विचारला, तो पहिला असायला हवा होता. माळ्यावर काय आहे यावरून काम सुरू झाले, त्यामुळे दीड महिना गेला. ओले, फाडलेले, गाठ नसलेले लाकूड मिळाल्याच्या दिवसापासून पहिली कमान वाकायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. तुती मिळाली ती वादळामुळे, नशिबाने. ते लाकूड शोधायला निघायचे फेब्रुवारीतच ठरवले असते तर बांधावर, नाल्याच्या कडेला, छाटणीत काही ना काही मिळालेच असते. झाड तोडायची गरज नव्हती आणि परवानगीचा प्रश्नही नव्हता.

तुटलेल्या पट्ट्या जपून ठेवणे ही दुसरी गोष्ट. मिस्त्री त्या जाळायला निघाले होते याचे मला वाईट वाटत नाही. तुटलेले लाकूड डोळ्यांसमोर नको वाटते, ते मी समजू शकतो. पण ज्याने पहिली पट्टी तोडली त्याने तिथेच बसून ती पाहिली असती, तर रेषेचा दोष पहिल्या दिवशीच दिसला असता. सुताराला रेषा पाहायची सवय असतेच. चौकट करताना तो फळी उलटसुलट करून रेषा बघतो. वाफेच्या नव्या खटाटोपात आम्ही हातातली जुनी विद्या बाजूला ठेवली, याची मला जास्त खंत आहे.

शाहिरांना मार्चच्या मध्यावर, पट्ट्या मांडल्या त्याच आठवड्यात, वेळ लागणार हे सांगायला हवे होते. तेव्हा पाकीट तयार होते पण बोलणे तयार नव्हते. सांगितले असते तर त्यांना कार्यक्रमाची आखणी नऊ डफांवर करता आली असती.

आणि माझा सल्ला. मी कधी न केलेल्या कामाबद्दल फोनवर, पट्टी न पाहता बोललो. शिक्षकाच्या तोंडून आले म्हणून मिस्त्रींनी ते मानले. आता मला कुणी विचारले तर मी आधी तुटलेला तुकडा घेऊन या म्हणतो.

एका मुद्द्यावर आमचे अजून एकमत नाही. भाच्याचे म्हणणे, दीड सुतांच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या पूर्ण गोल वाकवून एकात एक बसवाव्यात आणि गोंदाऐवजी फक्त रिव्हेटने धराव्यात. ताण दीड टक्क्याच्या आत राहील, धातूची पट्टी लागणार नाही, आणि सांधे समोरासमोर येतील असे ठेवले तर कड्याला कमजोर जागा उरणार नाही. मिस्त्रींना वाटते की गोंद नसलेल्या दोन पट्ट्यांमध्ये चामड्याच्या ओढीने फट पडेल आणि नादात खरखर येईल. दोघांनी एकेक कडे आपापल्या पद्धतीने करून एकाच कारागिराकडून मढवून घ्यायचे ठरले आहे.

त्यासाठी दिवाळीनंतर फाडलेल्या तुतीच्या चौदा पट्ट्या शेडच्या मागे सावलीत उभ्या आहेत. प्रत्येकीवर खडूने तारीख आणि वजन लिहिले आहे, आणि भाचा दर रविवारी त्या काट्यावर ठेवतो.